आज विकत घेतलं असतंस का?

मी, खाली सही करणारी, फोटोफ्रेमच्या दुकानाची मालकीण आणि त्याच दुकानाच्या माडीवर संध्याकाळी छोट्या धंदेवाल्यांना अर्थशास्त्राचे पहिले धडे देणारी, जिला सारी गल्ली ‘हिशेबबाई’ म्हणते, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघ्यांची अट नाही असे वकीलबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणू पाहणाऱ्याचे काय होते हे आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सर्व काही यजमानांच्या नावे होते आणि तेच माझ्याआधी निघून गेले.

माझ्या पश्चात या लेखाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांची फी आधी द्यावी, म्हणजे कामात मन लागते.

कलम १. दुकानामागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि आतले सर्व सामान माझ्या एकुलत्या एका मुलीला कोणत्याही अटीशिवाय मिळावे. तिच्या डोक्यावर छप्पर आहे हे पहिल्याच कलमात लिहिते, कारण पुढचे वाचून ती घाबरेल. आपल्याला दुकानातून बेदखल केले असेही तिला वाटेल. तसे नाही. शेवटपर्यंत वाचावे.

कलम २. यजमानांची करवत, पट्टीचे कोपरे तिरपे कापायचा लाकडी साचा आणि काच कापायचे हत्यार आमच्या कारागिराला द्यावे. हा माणूस बोलत नाही. यजमान गेले त्या दिवशी त्याने दुकान उघडले, अर्धवट राहिलेली एक फ्रेम पूर्ण केली, दुकान बंद केले आणि मग येऊन माझ्यासमोर रडला. हत्यारे आता त्याच्याच हातात शोभतात.

कलम ३. माझी वेताची आरामखुर्ची थोरल्या दिरांना द्यावी. तशीही त्यांनी ती मला कधी वापरू दिली नाही. वर्ग सुरू केला तेव्हा याच खुर्चीत बसून ते म्हणाले होते, “घरच्या बाईनं धंदा शिकवावा इतके वाईट दिवस आले का आपल्यावर?” त्या वेळी त्यांचा बर्फाचा कारखाना होता, आणि घरोघरी फ्रीज येत होते. दरवर्षी ते कारखान्यात नवी भर घालत. मी म्हणायचे, “भावजी, थांबा आता.” ते म्हणायचे, “इतकं घातलंय, आता मागं कसं फिरू?” हे वाक्य मी वर्गाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहीत आले, नाव न सांगता. सगळ्यांना नाव ठाऊक असायचे. पुढे कारखान्याचे गोदाम झाले, चांगले चालते, आणि ते म्हणतात की ही कल्पना त्यांचीच. असू दे. यजमानांच्या आजारपणात हाच माणूस रोज दुपारी येऊन त्यांचे पाय चेपत बसायचा. त्या दुपारींची किंमत मला कुठल्याही हिशेबात बसवता आली नाही. माझा राग मी खुर्चीसकट त्यांच्या हवाली करते. एकच तक्रार शिल्लक आहे, ती कलम ७ मध्ये.

कलम ४. गिऱ्हाइकांनी न नेलेल्या फ्रेमा. पूर्वेकडची पूर्ण भिंत यांनी अडवली आहे. कोणाचे लग्न, कोणाचे बाळ, एक पदवी, एक घोडा. मी यजमानांना सांगायचे की ही जागा फुकट नाही, इथे आरसे टांगले तर विकले जातील. ते म्हणायचे, “माणसं आहेत ती. बाहेर कुठं उभी करू?” मी सोडून दिले. त्या भिंतीवर आम्ही काय गमावत होतो ते मला रोज दिसत होते आणि तरीही मी ते गमावले. वर्गातही मी हेच सांगत आले की तोट्याची गोष्ट जरूर करावी, फक्त डोळे उघडे ठेवून करावी आणि नफा म्हणून स्वतःला फसवू नये. ज्यांचे पत्ते लागतील त्यांना फ्रेमा पोचवाव्यात. घोडा मुलीला आवडतो.

कलम ५. वर्ग, म्हणजे माडीवरची खोली, फळा, बाके आणि चहाची किटली. हे सर्व लाँड्रीवाल्या बाईंच्या ताब्यात द्यावे. माझ्या आजारपणात त्यांनीच वर्ग चालवला, आणि त्या माझ्यापेक्षा कमी ओरडतात. वर्ग फुकटच असावा, पण उशिरा येणाऱ्याने सगळ्यांचा चहा करावा. या एका नियमाने जे साधले ते माझ्या बोलण्याने साधले नव्हते. मात्र लोक यायचे थांबले तर वर्ग बंद करावा. माझ्या नावाखातर रिकाम्या बाकांपुढे कोणी बोलत बसू नये, नाहीतर मी काहीच शिकवले नाही असे होईल.

फळा खरे तर बेकरीवाल्यांना हवा होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे वकीलबाई म्हणाल्या. त्यावर ते गृहस्थ बराच वेळ मिशीवर हात फिरवत बसले. साक्षीदार होण्यासाठी काय सोडावे लागते ते मी त्यांना मोजायला लावले. त्यांनी मोजले, आणि फळा सोडला. माझा आवडता विद्यार्थी कोण असे लोक विचारतात, त्याचे हे उत्तर.

कलम ६. दुकान.

यावर मी सर्वांत जास्त कागद फाडले आहेत.

माझी मुलगी जुन्या चित्रांची डागडुजी शिकली. काळवंडलेल्या चित्रावरून ती कापूस फिरवते आणि खालून निळे आभाळ निघते, हे मी पाहिलेले आहे. दूरच्या शहरातल्या संग्रहालयाने तिला बोलावले होते, त्याच सुमारास यजमान गेले. ती घरी आली आणि गल्ल्यावर बसली. संग्रहालयाच्या बाई अजून फोन करतात. जिन्यावरून मला ऐकू येते, “नाही हो, आईला आणि दुकानाला सोडून कसं येऊ?”

वर्गात एक प्रश्न मी नेहमी विचारते. समजा रात्री कोणी तुमचे दुकान उचलून नेले आणि त्याची पुरेपूर किंमत उशाशी ठेवून गेले. सकाळी उठून तुम्ही तेच दुकान पुन्हा विकत घ्याल का? घ्याल, तर ते तुमचे आहे. नाही घेणार, तर तुम्ही दुकान चालवत नसून दुकान तुम्हाला चालवते आहे. बेकरीवाले ओरडले होते, “आधी जाऊन भट्टी घेईन!” लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या, “मशीन घेईन बाई, पण त्या घरमालकाची जागा नाही घेणार.” आणि महिन्याभरात त्यांनी जागा बदलली.

मुलगी जिन्याच्या वरच्या पायरीवर काच पुसत बसली होती. समोरच्या शिंप्याने विचारले, “ताई, तुमचं काय?”

ती म्हणाली, “बाबांनी उभं केलंय ते. असा प्रश्नच येत नाही.”

दुसऱ्या कोणी असे म्हटले असते तर मी कान धरला असता. तिचा धरवेना. आईचे आणि शिकवणारीचे तोंड एकच असते, ही मोठी अडचण आहे. पुढे घरात हा विषय मी अनेकदा काढला, दर वेळी ती म्हणाली, “तू असेपर्यंत नको.” म्हणून मी नसतानाची सोय करून ठेवते.

तर, मी दुकान मुलीला देत नाही. वकीलबाईंनी दुकानाची चालू बाजारभावाने किंमत ठरवून घ्यावी, आणि माझ्या बँकेतल्या ठेवींमधून तेवढी रक्कम मुलीच्या खात्यात, तिच्या एकटीच्या नावे, भरावी. ठेवी पुरतील, मी पाहिले आहे. त्यानंतर एक महिना दुकान त्याच किमतीला फक्त तिच्यासाठी विक्रीला राहील. तिने घेतले तर तो पैसा वर्गाला जावा आणि कारागिराची नोकरी आहे तशी चालू राहावी. तिने नाही घेतले तर कारागिराने दुकान सवलतीच्या हप्त्यांनी घ्यावे. त्याला विचारले आहे. तो “बरं” म्हणाला, म्हणजे त्याच्या मानाने भाषणच झाले. हप्ते वर्गाला जावेत. तिच्या ‘हो’मुळे किंवा ‘नाही’मुळे कोणाचेही पोट मारले जाणार नाही, हे मी चारी बाजूंनी तपासले आहे.

तिला दुकान खरोखर आवडतही असेल. मला माहीत नाही. परक्यांची दुकाने मी उंबऱ्यावरून ओळखली, पोटच्या पोरीचे मन मला वाचता आले नाही.

कलम ७. हे कलम वकीलबाईंनी तपासलेले नाही आणि कायद्याच्या भाषेत लिहिलेलेही नाही.

पोरी, तुझ्या वेळी मला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली होती आणि मी ती सोडली, हे तुला थोरल्या काकांनी त्याच खुर्चीत बसून सांगितलंय. त्यांना तोंड आवरत नाही, हीच ती उरलेली तक्रार. त्या दिवसापासून तू माझी फेड करायला बसली आहेस असा मला संशय आहे. बाबांची फेड दुकान सांभाळून, आणि माझी स्वतःला देऊन.

वर्गात मी दोनच गोष्टी शिकवल्या. गेलेलं मोजू नका, आणि आज जे सोडताय ते मोजा. माझी नोकरी गेलेल्यात जमा आहे. तू जे निळं आभाळ रोज सोडतेस, ते आजचं आहे. ते मोज. मोजूनही दुकानच घ्यावंसं वाटलं तर खुशाल घे, मग मी तुला कधीच अडवणार नाही. फक्त ‘बाबांना काय वाटलं असतं’ असं म्हणू नकोस. बाबांनी तू जिथे असशील तिथला तुझा फोटो फ्रेम करून टांगला असता, एवढंच.

आणि तो उशाशी पैसे ठेवायचा प्रश्न मी तुझ्या बाबतीतही विचारून पाहिलाय. समजा रात्री कोणी तुला उचलून नेलं आणि सकाळी माझ्या उशाशी ती नोकरी, तिचा पगार, पेन्शन, सगळं बांधून ठेवलेलं. मी काय केलं असतं? चप्पलही न घालता ते गाठोडं घेऊन धावले असते, आणि म्हटलं असतं, हे घ्या सगळं, सुट्टे परत नकोत, माझी मुलगी द्या.

वर्गात कोणीही याहून लवकर उत्तर दिलेलं नाही.

हे सर्व माझ्या हाताने लिहिले, वाचून पाहिले आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही : हिशेबबाई
स्थळ : दुकानाची माडी, फळ्यासमोरचे पहिले बाक
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच

साक्षीदार १ : कोपऱ्यावरचे बेकरीवाले. बाईंनी माझ्यासमोर सही केली. माझे उत्तर अजून भट्टीच आहे.

साक्षीदार २ : समोरचा शिंपी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही करताना रडत होत्या, पण पूर्ण शुद्धीत होत्या.