न दिसणारं पान

माय, तू सहीऐवजी अंगठा लावायचीस, म्हणून आज जिवंत असतीस तरी हा कागद तुला वाचता आला नसता. आता तर पाठवायला ठिकाणही नाही. तरी लिहिते, कारण घरात माझं कोणी ऐकत नाही. नातीचं आहे. चौथीत आहे पोरगी. आरत्या सगळ्या तोंडपाठ, गल्लीतल्या बाया कौतुकानं म्हणवून घेतात. परवा मी भाकरी थापत होते आणि ती चुलीपाशी बसून धडा वाचत होती, घडाघडा. हाताला गूळ लागलेला, दोन पानं चिकटून एकदम उलटली. समोर दुसराच धडा, चित्रही दुसरं, आणि पोरगी आतलं न दिसणारं पान म्हणतच राहिली. माझा हात परातीतच थांबला. हळूच एका शब्दावर बोट ठेवलं. तिनं पहिलं अक्षर ओळखलं, बाकीचं अंदाजानं जोडलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते पाहणं मी ओळखते, माय. मीही तुझ्या चुलीपाशी असंच पाठ म्हणायचे, तू खूश होऊन पहिली भाकरी मला द्यायचीस. मग मास्तरांनी नापास केलं, तेव्हा म्हणालीस, "एवढी घडाघडा वाचे, मले फसोत होती काय? आता घरीच राह्य."

आता नातीचं सगळंच दिसायला लागलंय. फळ्यावरचं सुरेख उतरवून आणते, पण स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नाही. ओळी सुटतात. शाळेच्या वेळेला पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. मॅडम म्हणतात, घरी लक्ष द्या. लेकाला म्हटलं, वाशिमला कोणी जाणतं असेल, दाखवून आणू.

"एवढ्या आरत्या पाठ हायेत, मंग धडा काहून येत नाही? आयशी हाय, अभ्यासाचा कंटाळा करते. दाखवाले काय येडी हाय का पोरगी?"

"येडी नाही, म्हणूनच दाखव म्हणून राह्यली मी."

"तू नको सांगू आई. तू कुठं शिकली?"

खरंच आहे. अक्षरं मी चाळिशीत किराण्याच्या पुड्यांवरून जमवली, माझं कोण ऐकणार? यंदा सोयाबीन निघालं की तिला शाळेतून काढायचं, असं त्यानं ठरवून टाकलंय.

आज सकाळी तिच्या पोटावर गरम फडकं धरून बसले होते. तिनं विचारलं, "आजी, मोठं झाल्यावर येते ना वाचता?"

"येते ना, बाई," म्हणाले. मला अजून ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात आठवत नाही, हे तिला सांगितलं नाही.