क्वान्झोची राखाडी लादी

रविवार, ४ ऑगस्ट २०१९
डोकं फिरलंय. क्वान्झोहून आलेले कंटेनर आज साइटवर उघडले. स्टेडियमपुढचं सगळं अंगण ज्या ग्रॅनाइटचं होणार, तो हा माल. नमुना गडद राखाडी, माल फिकट. कन्सल्टंट स्कॉटिश, मुळातच आंबट चेहऱ्याचा. नवी लादी नमुन्याशेजारी ठेवली, एकदा पाहिलं, "रिजेक्टेड." खलास.

नमुना खोटा म्हणायची सोय नाही. एप्रिलमध्ये मीच चीनला कारखान्यात जाऊन निवडला, मागे माझी आणि कन्सल्टंटची सही. ऑफिसात ठेवला तर कुणीतरी दाराला अडसर म्हणून पळवतो, म्हणून घरी बायकोकडे, मंजूकडे दिला होता. आज सकाळी तिने साबणाने घासून, पिशवीत घालून हातात दिला. घरात तरी एक माणूस धड काम करतं.

जॉर्ज (आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, लेबनीज, आवाज बैरूतपर्यंत जाईल असा): "सप्लायर तुझा. सप्टेंबरअखेर दगड बसला नाही तर तू लाँग लीव्हवर." लाँग लीव्ह म्हणजे कायमचं घरी, हे इथे आखातात पोरांनाही कळतं. आणि आमची लेक रेवा दहावीत.

मंगळवार, ६ ऑगस्ट
लिनकडे गेलो, अल मुंतझाला. क्वान्झोजवळच्या गावात याच्या भावाचा कारखाना, हा इथे बसून माल विकतो. मी भांडायला गेलेलो. पण याचं आधी चहा. बाहुलीच्या भातुकलीतले कप, पहिलं पाणी ओतून द्यायचं, मग दुसरं, मग वास घ्यायचा. तिसऱ्या कपाशिवाय धंद्याचं बोलायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. अरे, माझी नोकरी चाललीय आणि तू वास कसला घेतोस!

तिसऱ्या कपानंतर म्हणाला, "दगड तोच. खाण तीच." मी म्हटलं, डोळे आहेत ना तुला? त्याने चौथा कप ओतला.

शुक्रवार, ९ ऑगस्ट
लिनला नवा माल कापायला सांग म्हटलं तर म्हणे हा महिना नको. त्यांचा सातवा महिना, पितरं घरी येतात. नवा दगड या महिन्यात फोडत नाहीत. वर जेवणावळी. क्वान्झोत प्रत्येक गल्लीचा दिवस वेगळा. आज भावाच्या गल्लीचं जेवण, कारखाना बंद. उद्या मेव्हण्याच्या गल्लीचं. परवा ट्रकवाल्याच्या. सगळं शहर महिनाभर एकमेकांकडे जेवतंय आणि वर्ल्ड कपचं अंगण उघडं पडलंय.

मंजूला सांगितलं, काय हा अडाणीपणा. ती पोळ्या लाटत म्हणाली, "मागल्या वर्षी पुण्याच्या फ्लॅटचं बुकिंग पितृपक्षात नको, म्हणून कोण अडून बसलं होतं?"
"तू कुणाच्या बाजूने आहेस?"
"मी पोळ्यांच्या बाजूने आहे. जेवायला बसा."

रविवार, १८ ऑगस्ट
साइटवर बावळटासारखा उभा. एप्रिलमधलं क्वान्झो आठवत होतं. बंदराचं गाव. ज्याला विचाराल तो दगड विकतो, बूट विकतो नाहीतर चहा. कारखान्याच्या आवारात दगडी सिंह, बुद्ध, आणि चक्क गणपती, कुठल्याशा ऑर्डरचा. समुद्राकडच्या वस्तीत कालवांच्या शिंपल्यांच्या भिंती, आणि कालवं विकणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा डोक्यात फुलांची वेणी माळून. फोटो पाहून मंजू म्हणाली होती, "बघा, त्यांना रोज मिळते." किती आवडलं होतं मला ते सगळं! तेव्हा डोळे कुठे गेले होते, देव जाणे.

रविवार, २५ ऑगस्ट
कारखान्याकडे त्याच नमुन्याचा जोडीदार होता. एकाच दगडाचे दोन तुकडे केले होते. तो लिनने मागवला. जेवणं उरकून कुणीतरी कुरियर केला एकदाचा. आज उघडला: फिकट! मालाशी तंतोतंत जुळतो.

कन्सल्टंट म्हणाला, "कारखान्यातला तुकडा बदललाय यांनी." मीही तेच म्हणालो. सगळ्यांसमोर, मोठ्याने. लिनचा चेहरा पडला. एवढंच म्हणाला, "माझ्या भावाने बदलला नाही." माल परत गेला तर भावाला कारखाना विकावा लागेल, हेही त्यानेच मागे सांगितलेलं. मी म्हटलं, ते आधी सुचायला हवं होतं.

सोमवार, २ सप्टेंबर
गणपती बसले. अल मन्सूरातल्या या एवढ्याशा फ्लॅटमध्ये वीस माणसं, एसी धापा टाकतोय. त्या गडबडीत मंजू: "अहो, माझी लादी ऑफिसातून परत आणलीत का? समई कशावर ठेवू?"
"कुठली लादी?"
"अहो, तीच नमुन्याची. चार महिने समईखाली होती ना! सांडलेलं तेल मी रोज फडक्याने सगळीकडे सारखं पुसायचे. काय सुंदर काळीशार झाली होती."

आरती चालू होती. टाळ माझ्याच हातात. वाजवायचा थांबलो. रेवा: "बाबा, आर यू ओके?"

दगड तेल पितो. कॉलेजात शिकलोय हे मी. चार महिने त्याच देवघरासमोर घाईत हात जोडून ऑफिसला पळालो, खाली कधी पाहिलं नाही.
नंतर मंजूवर ओरडलो. ती म्हणाली, "मागितलीत, दिली. कुठे होती विचारलंत?"
नाही विचारलं.

गुरुवार, ५ सप्टेंबर
लिनला दर्शनाला बोलवायची काहीच गरज नव्हती. मंजूने परस्पर बोलावलं. आला, संत्री घेऊन. मूठ हातात धरून तीनदा वाकला. प्रसादाचे मोदक खाल्ले, तिसरा मागून घेतला. मग समईकडे बघत राहिला. आता तिच्याखाली साधी फरशी आहे, तीही तेलाने काळी पडायला लागलीय. वाकून बोट लावलं, बोटाकडे पाहिलं.
मी पाणी आणायला आत गेलो. बाहेर यायलाच जमेना.

शुक्रवार, १३ सप्टेंबर
काल विसर्जन झालं, आज लिनकडे पौर्णिमेचा सण. वाडग्यात सहा फासे टाकायचे, पडेल ते बक्षीस, बहुतेक गोड केक. क्वान्झोचे पाचसहा जण, नुसता आरडाओरडा. मला चार चौके पडले, म्हणजे पहिलं बक्षीस! सगळे माझ्या पाठीवर थापा मारतायत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना लिफ्टपाशी लिन: "तुझ्या दिव्यात तेल कोणतं?"
"तिळाचं."
"चांगलं भिनतं," म्हणाला. ओरडला असता तर परवडलं असतं.

शनिवार, १४ सप्टेंबर
नव्या मालातली एक लादी घरी आणली, तेल चोळून खिडकीत उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत हुबेहूब. शंका घ्यायला जागाच नाही.
मंजू: "मग उद्याच्या मीटिंगमध्ये सांगणार ना?"
"रेवाची दहावी आहे. जॉर्ज मला दुसऱ्या दिवशी विमानात बसवेल."
"मी काय विचारलं?"
पितृपक्ष लागला म्हणून कामं पुढे ढकलणारा मी. ही मीटिंग कोण पुढे ढकलेल?

रविवार, १५ सप्टेंबर
सकाळ. दहाला मीटिंग. माल परत पाठवायच्या पत्रावर कन्सल्टंट सही करणार. मी तोंड उघडलं नाही तर करणार. उघडलं तर... रेवा डबा घेऊन शाळेला गेली. "बाय बाबा." नेहमीसारखीच.

तेल चोळलेली लादी कपाटाआड सरकवून ठेवली होती. मंजूने ती काढली, पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. तिचाही जीव घाबरलाय.

लिनचा मेसेज: "मीटिंगच्या आधी माझ्याकडे चहा. तीन कप."
पिशवी घेऊन येतो म्हणून कळवलं. आज त्याने दहा कप ओतले तरी माझी तक्रार नाही.