घोड्यांची आतली बाजू

४ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले, कामावर रुजू झाले, आणि आठ दिवस होऊन गेले तरी माझा वासलेला आ मिटलेला नाही. तुम्हाला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने रचता, म्हणून लिहूनच कळवते.

कंपनीच्या या पार्कात आपला अख्खा बाजार आणून ठेवला तरी कुठल्यातरी कोपऱ्यात पडून राहील. फाटकातून आत गेलं की आधी दुकानांचा रस्ता, वर काचेचं छत. तो संपेपर्यंत माणूस विसरतो की आपण खेळायला आलो होतो. पुढे गेमिंगचा हॉल. काल तिथे दोन मुली पडद्यावर लढत होत्या आणि तीन हजार माणसं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती. मी हातात पाना धरून खांबासारखी उभी. आणि मोठा रोलर-कोस्टर! त्याला ओढायला साखळीच नाही, बाबा, नुसती चुंबकं. पापणी लवायच्या आत गाडी आभाळात. रोज सकाळी आम्ही बारा जण त्याचे ब्रेक तपासतो. पहिल्या दिवशी ती रिकामी गाडी डोक्यावरून गेली तेव्हा माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. माणसांनी हे बनवलंय, या विचाराने.

आता एक कबुली. आमच्या साहेबांनी विचारलं की बेअरिंगचा आवाज ऐकून दोष ओळखायला कुठे शिकलीस. मी आपल्या घोड्यांच्या चक्राचा फोटो दाखवला. ते घोड्यांवरच अडकले. कंपनीचे सगळे घोडे फायबरचे, त्यांना नव्या चक्रासाठी लाकडाचे हवे आहेत. तुम्हाला पत्र येईल. रागवायचंच असेल तर निदान जेवण झाल्यावर रागवा.

आत्याला नमस्कार. तुमच्या लोभावरच माझे नटबोल्ट घट्ट आहेत.
आपली,
ठिणगी


१५ जानेवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे वरातीमागून घोडं. साहेबांचं पत्र दोन दिवस आधीच येऊन पडलं. भाषा इतकी गोड की वाचून झाल्यावर मी पाणी प्यायलो.

इथलं म्हणशील तर तुझ्या आत्याच्या खेळण्यांच्या दुकानात गिऱ्हाईक भरपूर येतं. खेळणं हातात घेतं, चावी देऊन बघतं, फोटो काढतं आणि घरी जाऊन फोनवर मागवतं. दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन आलेला माणूस पत्ता विचारायला पुन्हा आत्याच्याच दुकानात. ती त्याला पत्ता सांगते, वर पाणीही देते. बाजारामागचं आपल्या चक्राचं मैदान मार्चअखेर रिकामं करायचं आहे. तिथे त्या खोक्यांचंच गोदाम होणार. मी कोणाला दोष देत नाही. आमच्या चक्राने एके काळी झोपाळेवाल्याचं गिऱ्हाईक पळवलंच होतं.

पण घोडे देणार नाही. कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण तू विसरल्यासारखी वागते आहेस. घोड्याची बाहेरची बाजू लोकांसाठी. नक्षी, सोनेरी खोगीर, आरशाचे तुकडे, सगळं त्या बाजूला, आणि ते माझं काम. आतली बाजू कुठलाच कारागीर सजवत नाही, एक हात रंग मारून सोडतो. तुझी आई म्हणाली होती, मी बाहेर तिकीट-खिडकीत बसून दिवसभर तुमची नक्षी बघते, तुम्ही मधे चक्र थांबवायच्या दांड्यापाशी उभे, तुम्ही काय घोड्यांची पोटं बघायची? मग तिने दरवर्षी एका घोड्याची आतली बाजू रंगवली. माझा घसरलेला चष्मा, तुझा पडलेला दात, गळणाऱ्या छताखाली मांडलेली आपली तीन भांडी. तेवीस झाले. चोविसावा राहिला, त्याआधीच ती गेली, त्याला आता आठ वर्षं झाली.

ती बाजू माझी आहे. ती बाजारात मांडायची नाही.

पोटाची काळजी घे. आशीर्वाद आहेतच, रागही आहे, दोन्ही सांभाळून ठेव.
तुझा,
बाबा


६ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा राग पोचला, तो उशाशी ठेवला आहे.

मी काही विसरलेले नाही. पण मैदान गेल्यावर घोडे मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जातील. तिथे आईची चित्रं कोण बघणार? वाळवी. ती काही चित्रांची पारख करत बसत नाही. इथे लाकूड कोरडं राहील, घोडे फिरत राहतील आणि मी रोज हात लावून बघीन.

साहेबांनी लेखी कबूल केलं आहे की रंगाला कोणी हात लावणार नाही आणि रोजची पहिली फेरी रिकामी फिरवायची, तुम्ही फिरवायचात तशी, बेअरिंगला कान देऊन. आईची बाजू आतच राहील. फॉर्म मी स्वतः भरला आहे. ‘सजवलेली बाजू’ या रकान्यात स्पष्ट लिहिलं, डावी. आपल्या चक्रावर तीच बाहेर असते. आता नाही म्हणू नका.

तुमचा होकार आणि लोभ एकाच पाकिटात पाठवा, टपालखर्च वाचेल.
आपली,
ठिणगी


२० मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

आज ट्रक गेला. चोवीस घोडे, चोवीस पांघरुणं. तुझी आत्या प्रत्येकाच्या कानात काहीतरी पुटपुटत होती, मी विचारलं नाही.

मैदानावर आता चक्राचा नुसता गोल उरला आहे, गवत नसलेला. मी त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. सवय, दुसरं काय.

तुझ्या शब्दावर दिले आहेत, कंपनीच्या कागदावर नाही. एवढं लक्षात ठेवलंस तरी आशीर्वाद कामी आले म्हणायचे.
बाबा


२२ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. माझ्या हातून मोठी चूक झाली.

आपलं चक्र घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. मी रांगायला लागले तेव्हापासून ते तसंच बघितलं, म्हणून चक्र दुसरीकडे फिरू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कंपनीची सगळी चक्रं उलटी फिरतात. घोड्याचं तोंड पुढे ठेवायचं तर डावी बाजू आत जाते आणि उजवी बाहेर. जोडणी झाली तेव्हा मी रोलर-कोस्टरवर होते. परवा चाचणी बघायला गेले तर तुमचं सोनं सगळं आत, मोटरीकडे तोंड करून, आणि आई बाहेर. तुमचा चष्मा, माझा दात, आपली भांडी, सगळं कठड्यापाशी उभ्या असलेल्या परक्या माणसांसमोर गरगर फिरत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांच्या पाया पडायचीच बाकी राहिले. ब्रेक, संगणक, परवाना, सगळं त्याच दिशेला बांधलेलं आहे, दिशा बदलणार नाही. पण साहेब माणूस चांगला आहे. महिनाअखेरपर्यंत चाचणी चालेल, फेऱ्या पार्कात येणाऱ्यांना फुकट. तोवर तुम्ही नको म्हणालात तर घोडे उतरवून, पांघरुणात गुंडाळून परत पाठवतील. ताडपत्री नाहीतर हे, तिसरं काही माझ्या हातात नाही.

तुम्ही सांगाल तसं. वाटल्यास शिव्या द्या, पण उत्तर द्या. लोभ असावा असं आज कोणत्या तोंडाने लिहू?
ठिणगी


२९ एप्रिल

चि. ठिणगीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी तुला कळवू नको म्हणून बजावलं आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस ते मागची शेड झाडत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात उभे, म्हणाले चल. काल आम्ही दोघं तुझ्या पार्कात होतो बरं का! तिकीट काढून, रांगेत उभं राहून. तू कुठेतरी वर लोखंडावर चढलेली होतीस म्हणे.

बाई गं, काय ते दुकान! नुसत्या बाहुल्यांच्या बुटांना एक अख्खी भिंत. चाळीस वर्षं खेळणी विकली मी, पण बाहुली अनवाणी हिंडते हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. बुटांचे प्रकार पाठ करायला लागले, मग लाज वाटून सोडलं. सरकत्या जिन्यावरून चारदा वर-खाली केलं. गेमिंगच्या हॉलमध्ये एका पोरीने मला खुर्चीवर बसवून हातात ते यंत्र दिलं, आणि तुझ्या आत्याने तीन राक्षस मारले. आपलं दुकान या लोकांनी खाल्लं हे खरं, पण खाणाऱ्याची भूक बघून आपण थक्क होतो हेही खरं. रागवायचं राहूनच गेलं बघ.

बाबांना मी चक्राच्या कठड्यापाशी सोडलं होतं. तीन तासांनी परत आले तर तिथेच, टोपी हातात. काय झालं विचारलं तर म्हणाले, ताई, जरा गप्प बस. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. पुढचं ते लिहितील. मी काही सांगितलंय असं दाखवू नकोस.

म्हातारीला राक्षस मारणारी म्हणून लोभात ठेव.
आत्या


२ मे

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

आत्याने तुला सगळं कळवलं असणारच, तेव्हा मी फक्त माझं लिहितो.

घोडे उतरवून आणायचे असं ठरवूनच निघालो होतो. पांघरुणांसाठी दोरीसुद्धा पिशवीत होती. तिथे पोचलो आणि आधी तो तुझा रोलर-कोस्टर डोक्यावरून गेला. मी कारागीर आहे, मला कळतं काय बघतोय ते. मी आपोआप टोपी काढली. ती पुन्हा घालायला सुचलीच नाही, कारण पुढे चक्र होतं.

कठड्याबाहेर दोनेकशे माणसं होती. आपल्या मैदानावर एवढी महिनाभरात येत नसत. चक्र सुरू झालं. उलटं बघून मी पिशवीतली दोरी चाचपली. मग ती आली, एकेक करत. चष्मा, दात, भांडी. शेजारी एक बाई कडेवरच्या मुलाला सांगत होती की बघ, या घरात पाऊस आत येतो. मुलगा पोट धरून हसला. मला वाटलं होतं मला राग येईल. आला नाही.

मी एकतीस वर्षं मधे उभा राहिलो. ती चित्रं मी अगदी जवळून बघितली, पण डोळा दांड्यावर आणि कान बेअरिंगकडे. पुरी कधी बघितलीच नाहीत. माझं काम बाहेरून बघायला तुझी आई होती, तिकीट-खिडकीत. ती माझी बाजू बघत राहिली आणि मी तिची, आणि दोघांनाही वाटत राहिलं की समोरच्याला आपण दिसतोच आहोत. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्या जागी उभा राहिलो. ठिणगे, तुझी आई फार मोठी कारागीर होती गं. माझ्यापेक्षा मोठी. हे तिला सांगायचं राहिलं.

मधे दांड्यापाशी तुझ्याच वयाची एक मुलगी उभी होती. आता माझं सोनं तिला दिसतं. चक्र थांबवण्यापूर्वी ती एकदा मान वळवून घोड्यांकडे बघायची. बरं वाटलं.

तेव्हा साहेबांना सांग, घोडे तिथेच राहू देत, आणि फिरताहेत तसेच फिरू देत. तुझी चूक मी ठेवून घेतो, परत मागू नकोस.

एकच अडचण आहे. चोविसावा. बाहेरच्या अंगाला नुसता तांबडा, कोरा. पोरं त्याच्यावर बसायला मागत नव्हती. साहेबांकडे रंगारी पुष्कळ असतील, पण तो तू रंगवायचास. काय रंगवू म्हणून मला विचारू नकोस. आधी कठड्याबाहेर तासभर उभी राहा, मग ठरव.

सोबतच्या खोक्यात तुझ्या आईचा निळा रंग आहे. सुकला असेल असं तुला वाटेल. सुकलेला नाही. आठ वर्षं दर महिन्याला मी झाकण उघडून, थोडं टर्पेंटाइन घालून ढवळत होतो.

लोभ होताच, आहेच. आता बाहेरूनही दिसू लागला, एवढंच.
तुझा,
बाबा