आईनं ओळखलेल्या आकृत्या

२ नोव्हेंबर

पुन्हा आकृत्यांनी घात केला! पोलीस भरतीच्या सराव पेपरात बुद्धिमत्तेचे पंचवीसपैकी नऊ. गणित जमतं, मराठी जमतं — पण तो मेला काळा त्रिकोण पुढच्या चौकटीत कुठं जाईल, काही केल्या दिसत नाही.

आई शेजारी बाजारासाठी हार ओवत होती. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! पुस्तकात डोकावली. "आगं, हाराचंच हाय की हे. दोन झेंडू, एक शेवंती, मंग पान. आता काय येईल?" आणि बोट ठेवलं. बरोबर! मी बघतच राहिले.

१९ नोव्हेंबर

रोजचा नेम झालाय. आधी मी सोडवते, मग उत्तर झाकून आईला विचारते. आज माझे सतरा आले. मास्तरीण आईच!

१४ डिसेंबर

गिऱ्हाइकानं हार परत आणला. एकीकडं झेंडूच झेंडू, पुढं नुसती पानं. "लक्ष कुठंय तुझं?" — चारचौघांत ओरडले मी आईवर. ती हातातल्या दोऱ्याकडं बघत राहिली. लाज वाटतेय मला.

१५ डिसेंबर

सकाळी गॅस तसाच चालू होता. दादाला सांगितलं नाही.

३ जानेवारी

आई फुलबाजारातून घरी यायचा रस्ता चुकली. चाळीस वर्षांचा पायाखालचा रस्ता! शेवटी कुणीतरी रिक्षात बसवून दिलं.

किशोरदादा भडकला. "योगू, द्वारका चौकात मेंदूचे डॉक्टर आहेत, दाखवून येऊ. हे नुसतं वयाचं नाही." मी भांडले. त्याच्यापुढं पुस्तक उघडलं, शेजारी बसून आईला दहा आकृत्या विचारल्या. नऊ बरोबर! "बघ! डोकं बिघडलेलं माणूस हे करेल?" दादानं डॉक्टरचा विषय सोडला.

मला जिंकायचंच होतं. आईला काही झालं तर मी कुणाकडं बघू?

२२ जानेवारी

चोवीस! पळत जाऊन आईला सांगितलं. "कसले गं?" म्हणाली. मग माझ्याकडं बघून हसली. असेल दमलेली. दोन आठवड्यांवर परीक्षा आलीय, नंतर बघू.

१ फेब्रुवारी

आज आकृती विचारली आणि आईकडं पाठ करून वेणी घालत बसले. बराच वेळ उत्तर येईना. वळून पाहिलं — आईचं बोट चारही आकृत्यांवरून नुसतं फिरत होतं. मी समोर बसले. तशी तिनं नजर माझ्या तोंडावर लावली, बोट हळूहळू सरकवलं आणि बरोबर आकृतीवर थांबवलं. बोट तिथं येताच मी हसले होते.

पुढची आकृती विचारली. या खेपेला मुद्दाम चुकीच्या आकृतीवर हसले.

आईचं बोट तिथंच थांबलं.