मार्च २०१८ मधली माझी सही

मी, सौ. विभावरी पद्माकर सोनटक्के, वय ४६, राहणार बॉबलिंगेन, जर्मनी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. इथे टाइप केलेलं चालत नाही. 'सौ.' सवयीने लिहिलं गेलं, राहू द्यावं.

१. राहता फ्लॅट निम्मा माझा आहे. इथल्या कायद्याने नवऱ्याला सक्तीचा वाटा द्यावाच लागतो. तेवढा श्री. पद्माकर यांना मिळावा, त्यापुढे एक चमचाही नाही. बाकी सगळं माझी धाकटी बहीण शोभना हिचं.

२. कारण लिहिणं भाग आहे, नाहीतर लोक मलाच कजाग ठरवतील. आम्हांला मूल झालं नाही. २०१६ साली आम्ही युगेंडआम्टमध्ये, म्हणजे इथल्या बालकल्याण कार्यालयात, दत्तक मुलासाठी अर्ज केला. ऑफिसात माझं इंग्रजीवर भागायचं. घरची जर्मन पत्रं हे बघत. टॅक्स असो, विमा असो, हे बोट ठेवतील तिथे मी सही करायची. पुढे नऊ वर्षं मी विचारत राहिले, "अहो, युगेंडआम्टचं काही आलं का?"

"अगं, जर्मनांचं काम आहे, विभा. वेळ लागतोच."

गेल्या ऑक्टोबरात मी एकटीच तिथे गेले. बाईंनी फाईल उघडली. अर्ज मार्च २०१८ मध्येच मागे घेतलेला होता. पत्राखाली दोघांच्या सह्या, आणि माझी सही माझीच होती.

घरी येऊन जाब विचारला तर म्हणाले, "आईला परकं रक्त नको होतं. तुला सांगायचा धीर झाला नाही." सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून यांचा धीर कोणी अडवला होता, ते मला आजही कळलेलं नाही.

३. हॉलमधला सोफा मात्र यांनाच द्यावा. २०२० च्या हिवाळ्यात त्यावर बसून आम्ही एक जुना तमिळ चित्रपट पाहिला, मुलासाठी झुरणाऱ्या जोडप्याचा. माझ्यापेक्षा हेच जास्त रडले. माझा हात धरून म्हणाले, "आपलंही येईल गं." तेव्हा अर्ज मागे घेऊन पावणेतीन वर्षं झाली होती. खोटं बोलले ते एक वेळ सोसलं असतं. माझ्याबरोबर रडले, ते मी माफ करत नाही.

४. माझ्या आईने बाळासाठी पाठवलेले चांदीचे वाळे कपाटात वरच्या खणात आहेत. युगेंडआम्टमधल्या त्या बाईंनी आणखी एक सांगितलं. त्या मार्चमध्ये आमच्यासाठी एक मुलगी सुचवली होती, तीन आठवड्यांची. ते पत्र म्हणजे तिला दिलेला नकार होता. येत्या फेब्रुवारीत ती आठ वर्षांची होईल. तिचं नाव सांगता येत नाही म्हणाल्या. वकील म्हणतात, नाव-पत्ता नसलेल्या माणसाला काही ठेवता येत नाही. तरी लिहिते: वाळे तिचे आहेत. आता ते तिच्या पायात जाणार नाहीत, हे मला समजतं.

साक्षीदार इथे लागत नाहीत. आपल्याकडे लागतात, म्हणून घेतले.

साक्षीदार: १. अरुंधती केळकर, शेजारीण (सही)
२. केतन वाघमारे, सहकारी (सही)

विभावरी सोनटक्के (सही)
बॉबलिंगेन, १२ जानेवारी २०२६