राजाची चिकटवलेली दाढी

गार्चिंग, जर्मनी, रविवार रात्र

मी का हसले?

माझी बल्गेरियन फ्लॅटमेट मारिया दुपारी तिच्या देशातल्या एका मध्ययुगीन राजाचा जुना सिनेमा दाखवत होती. राजा मरत होता, त्याची चिकटवलेली दाढी एका बाजूने सुटली होती, आणि मी खिदळले. वळून पाहिलं तर मारिया रडत होती.

"शिवजयंतीला तू घोषणा दिलीस, तेव्हा मी उभी राहिले होते," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली.

त्या दिवशी महाराजांच्या दाढीवर कुणी हसलं असतं, तर मी ऐकून घेतलं असतं? घरातली पहिली पदवीधर मी. आदराच्या गोष्टी सगळ्यांना सांगत फिरते, आणि एका दाढीवर...

मघाशी तिचं दार वाजवलं. "चुकलं माझं," म्हणाले. मग सिनेमा पहिल्यापासून पुन्हा पाहिला, हा कोण, तो कोण, असं तिला विचारत विचारत.