कुंपणावरची बोरे आणि एक पावशेर

फुजैरा (यू.ए.ई.), ९ एप्रिल

तीर्थरूप दाजींस,

धनंजयचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा, सौ. आक्काचा रक्तदाब आणि वेंगुर्ल्याच्या घरची विहीर या तिन्हींची पातळी समाधानकारक असेल अशी आशा आहे. (रक्तदाब खाली, पाणी वर.) इकडे प्रज्ञाला सर्दी झाली आहे, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार असल्याने आत्ताच नोंदवून ठेवतो. हे पत्र हाताने लिहून त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवत आहे, कारण टपालाला दोन आठवडे लागतील आणि मला उत्तर या शुक्रवारच्या दुपारपूर्वी हवे आहे. फोन करून पाहिला होता. परंतु आपण “पावशेर म्हणजे पावशेर! बी.कॉम.ला काय शिकवलं रे तुला?” एवढे बोलून तो ठेवलात.

गेल्या वर्षी होळीला आपण स्वतःच्या हाताने केलेल्या करवंदाच्या लिक्योरचे दोन पेले घेऊन जे नाट्यपद गायलात, ते ऐकल्यापासून मला या पदार्थाविषयी विलक्षण कुतूहल आहे. मी स्वतः थेंबही घेत नाही. परंतु कुंपणावरचे एक आंबट फळ चाळीस दिवसांत माणसाला गायला कसे लावते, हे जाणून घ्यायला पिण्याची आवश्यकता नाही. आपण दिलेली कृती मी जपून आणली होती. करवंदे येथे नाहीत. मात्र मसाफीच्या रस्त्यावर, डोंगरातल्या कोरड्या ओढ्यालगत एक खजुराची बाग आहे आणि तिच्या कुंपणाला बोरीची झाडे आहेत. (स्थानिक लोक फळाला नबक म्हणतात. चव आपल्या बोरासारखीच, बी तुलनेने मोठी.) बागेचा राखणदार हमदुल्ला हा पाकिस्तानातल्या स्वातकडचा पठाण. त्याची परवानगी घेऊन मी बोरे वेचू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “सेठ, ये तो बकरी खाता है. तुम्हारे घर में बकरी है?” मी नाही म्हणालो. “फिर शरबत बनाएगा?” आता ‘लिक्योर’ या संकल्पनेचा हिंदीतून खुलासा करण्याऐवजी मी “वैसा ही कुछ” असे म्हणालो. दाजी, माझ्या आयुष्यातले हे एकमेव मोघम विधान असेल आणि तेच मला नडले. “खलास! एक बोतल हमारा,” तो म्हणाला. “हमारा अम्मी बनाता था. अम्मी गया, शरबत भी गया.” मी शब्द दिला.

आपल्या कृतीत लिहिले आहे: ‘फळ एक किलो, धुऊन, पुसून, टोचून. त्यावर पावशेर. मिरी-आले आक्का घालते, का ते मला ठाऊक नाही. थंड जागी चाळीस दिवस.’ पावशेर कशाचा, हे लिहिलेले नाही. मी तर्क केला की फळावर घालण्याची वस्तू ती साखर. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम धरून, वजनी की मापी याचा दोन दिवस विचार करून, २३३ ग्रॅम साखर मोजून घातली, आणि आक्काप्रमाणे मिरी-आलेही. थंड जागा म्हणून येथे फ्रीजखेरीज काही नाही, तेव्हा बरणी चार अंशांवर ठेवली. (दह्याच्या जागेवरून प्रज्ञाशी मतभेद झाले, ते मिटले आहेत.)

बरणीत तयार झालेला लालसर द्रव गाळून मी दोन बाटल्या भरल्या. पहिली आमच्या तेलाच्या टर्मिनलवरचे विजयकुमार यांना दिली. ते या महिन्यात निवृत्त होऊन कोइमतूरला परतत आहेत आणि या विषयातले जाणकार मानले जातात. एक पेला पिऊन त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि “हबीबी, सीधा अंदर तक गया!” असे म्हणून एक संपूर्ण तमिळ गाणे म्हटले. मी समाधानाने घरी येऊन हे सांगितले, तर प्रज्ञा म्हणाली, “अहो, साखर कसली? पावशेर म्हणजे बाटली! आमच्या मामांचा रोजचा असायचा.”

आता माझी अडचण पाहा. पावशेर म्हणजे साखर असेल, तर मी आपली कृती तंतोतंत पाळली आहे. म्हणजे जे आपल्याला गायला लावते तेच माझ्या बाटलीत आहे, आणि ते हमदुल्लाला देणे हा एका श्रद्धाळू माणसाचा विश्वासघात ठरेल. (शिवाय घरी दारू बनवणे हा येथे गुन्हा आहे, आणि एकोणतीस वर्षांत माझ्या नावावर पार्किंगचा दंडसुद्धा नाही.) उलट पावशेर म्हणजे बाटली असेल, तर माझे निव्वळ सरबत आहे आणि शुक्रवारी नमाजानंतर येणाऱ्या हमदुल्लाला मी ते निःशंक मनाने देऊ शकतो. परंतु मग विजयकुमार कशावर गायले? चव घेऊन सांगायला मला अनुभव नाही आणि प्रज्ञाला नाक नाही. तरी साखर की बाटली, एका शब्दात कळवावे. तो माणूस आईची चव शोधत येणार आहे. त्याला मी पुन्हा “वैसा ही कुछ” म्हणणार नाही.

आपला आज्ञांकित,
धनंजय

ता. क. : प्रज्ञाने आत्ताच आक्काला फोन लावला. आक्का पाच मिनिटे नुसती हसत होती. पावशेर म्हणजे बाटलीच. तथापि अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आपल्याला बंदी केल्यापासून आक्का ती मोरीत ओतते आणि बरणीत साखर घालते. मिरी-आले घसा जळावा म्हणून. सारांश, माझी कृती अचूक आहे आणि तरीही ते सरबत आहे. हमदुल्लाची बाटली बांधून ठेवली.

ता. क. २ : हे आपल्याला कळता कामा नये, अशी आक्काची सक्त ताकीद नंतर आली. वडीलधाऱ्यांना खाडाखोड केलेले पत्र पाठवणे मला प्रशस्त वाटत नाही. तरी वरील ताजा कलम आपण वाचलेला नाही, असे मी धरून चालतो.

ता. क. ३ : विजयकुमार आणखी एक बाटली मागत आहेत. त्यांना खरे सांगावे की नाही, हे ठरत नाही. आपण काहीच वाचलेले नाही, हे मान्य. परंतु वाचले असते, तर हे न कळते तरच बरे होते असे वाटले असते का, एवढे मात्र उलट टपाली कळवावे.